मुनीफचं माप

"दर शुक्रवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, रुवैदा. पहिल्या मिनिटाला पाय जोरात द्यायचा नाही. तिला आधी श्वास घेऊ दे."

हे सांगताना मुनीफला स्वतःला धड श्वास घेता येत नव्हता. नाकात नळी, उशाशी यंत्राची घरघर, आणि बोलणं गाडीचं. रुवैदा मान डोलावत राहिली. मग त्यानं तिचं मनगट धरलं आणि खरं सांगायचं होतं ते सांगितलं.

"सत्ताम चार माणसांत, स्वतःच्या तोंडानं कबूल करत नाही तोवर गाडी या घरातून जाता कामा नये. केलं कबूल, की एकदा तिला लौजच्या घाटावर ने. पार वरपर्यंत. मग ठेव नाहीतर देऊन टाक, तुझी मर्जी."

"शब्द दिला," रुवैदा म्हणाली.

त्याला आठ वर्षं झाली. सल्त गावच्या उभ्या चढाच्या गल्लीत, पिवळ्या दगडाच्या घराखालच्या गाळ्यात ती गाडी तशीच उभी होती. हिरवी, ठेंगणी, दोनच माणसांची, उघड्या टपाची, विलायतेत बनलेली. शुक्रवारची दुपारची नमाज झाली की रुवैदा खाली उतरे, वरची चादर काढून घडी घाले, मऊ फडक्यानं पत्रा पुसे आणि किल्ली फिरवे. पहिलं मिनिट ती पाय नुसता टेकवून बसे. मग तसबीहचे मणी ओढू लागे. तीन फेऱ्या झाल्या की दहा मिनिटं भरत. तिला घड्याळ बघावं लागत नसे.

गाडी चालवायला ती मुनीफ गेल्यावर शिकली. चोपन्नाव्या वर्षी. परीक्षा घेणारा पोलीस म्हणाला, "हाज्जा, या वयात आता कुठं जायचंय?"

"एकाच ठिकाणी," ती म्हणाली, आणि त्यानं हसत परवान्यावर शिक्का मारला.

मुलगी शुरूक शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. अडतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, जीभ मात्र चांगली परजलेली. दर शुक्रवारी ती गाळ्याच्या दारात येऊन तोच प्रश्न विचारे.

"यम्मा, आणखी किती दिवस ठेवणार?"

"अजून."

"अजून म्हणजे?"

"अजून म्हणजे अजून."

"बाबांना कधी इतकं पुसलं नसशील."

"तो स्वतःची अंघोळ स्वतः करायचा."

शुरूक हसे आणि वर निघून जाई. तिला गोष्ट ठाऊक होती. गावात कुणाला ठाऊक नव्हती?

एकतीस वर्षांपूर्वी लौजच्या घाटात मुनीफनं डोंगरशर्यत जिंकली होती. तेराशे सीसीच्या आतल्या इंजिनांचा गट होता. बदामाच्या झाडांमधून वर जाणारी बावीस वळणं त्यानं सत्तामपेक्षा चार सेकंद आधी काटली. सत्ताम मोठ्या घरचा, त्याची गाडी जर्मन, नवी कोरी. मुनीफ गॅरेजवाला, गाडी जुनी घेतलेली, स्वतःच्या हातानं उभी केलेली. संध्याकाळी सत्तामनं तक्रार केली, की मुनीफनं इंजिनाची भोकं मोठी करून आत थोराड पिस्टन बसवलेत. इंजिन तेराशेच्या वरचं आहे.

नियम साधा होता. शर्यतीआधीच समितीनं प्रत्येक इंजिनाच्या बोल्टांतून तार ओवून शिशाचं सील दाबलेलं असे. तक्रार आली तर सील कापायचं, इंजिन खोलायचं, मोजायचं. पण सत्ताम उभा राहिला आणि म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी पिस्टन बसवताना पाहिलेत. शपथ घेतो." आणि कुराणावर हात ठेवून त्यानं शपथ घेतलीही.

झालं. घरंदाज माणसानं शपथ घेतल्यावर पाना उचलायचा म्हणजे त्याला खोटं म्हणायचं, त्याच्या बापाला खोटं म्हणायचं, सगळ्या कुळाला खोटं म्हणायचं. समितीचे प्रमुख हाजी मुतलक. त्यांनी पाना खाली ठेवायला लावला आणि मुनीफला विचारलं, "तू उलट शपथ घेतोस?"

"मोजायला माप आहे," मुनीफ म्हणाला, "मग अल्लाहला कशाला मधे आणू?"

त्यानं शपथ घेतली नाही, म्हणून तो चोर ठरला. चषक सत्तामच्या घरी गेला. मुनीफनं सील कापलं नाही. त्यानंच कापलं असतं तर लोक म्हणाले असते, आतलं सामान बदललं. "त्यांनी लावलंय, त्यांनीच काढावं," एवढंच तो म्हणे. समितीतलं कुणी काढायला आलं नाही.

पुढं बाजारात बोलण्याचा प्रकारच पडला. कुणी तराजूत अंजिरं कमी टाकली की गिऱ्हाईक म्हणे, "हे काय मुनीफचं माप का?" शुरूक सात वर्षांची असताना एकदा ते ऐकून घरी आली. हातातली पिशवी खाली ठेवून तिनं विचारलं, "यम्मा, बाबांचं माप म्हणजे काय?" त्या दिवशी रुवैदानं पहिल्यांदा सत्तामचं नाव मनात वेगळं काढून ठेवलं.

ती देवभीरू बाई. सोमवार-गुरुवारचे रोजे तिनं कधी चुकवले नाहीत. झोपण्याआधी दिवसभरात दुखवणाऱ्या सगळ्यांना नाव घेऊन माफ करायचं, हा तिच्या आईनं लावलेला नेम. ओले खजूर गळ्यात मारणाऱ्याला माफ केलं, आगाऊ शेजारणीला माफ केलं, उशिरा येणाऱ्या प्लंबरला माफ केलं. एक नाव मात्र ती ओलांडून पुढं जाई. रोज. जिभेला तिथं खड्डा ठाऊक झाला होता.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिनं शुरूकलाही सांगितली नव्हती. त्या वर्षी शर्यतीच्या आधी, हिवाळ्यात, बैरूतहून एक लाकडी खोका आला होता. त्यात पिस्टन होते. मुनीफ म्हणाला, गिऱ्हाइकाचे आहेत. तिनं पुढं विचारलं नाही. आठ वर्षं तिनं गाडी पुसली, आणि एकतीस वर्षं तो खोका तिच्या पोटात होता.

सत्ताम आता सत्ताम बेग झाला होता. अम्मानच्या रस्त्यावर त्यानं काचेची मोठी इमारत बांधली होती आणि आत जुन्या शर्यतीच्या गाड्या रांगेनं उभ्या केल्या होत्या. लौजच्या घाटावरची त्या वर्षीची एकच गाडी त्यात नव्हती. मुनीफ गेल्यापासून दरवर्षी सत्तामचा माणूस मिठाईचे डबे घेऊन येई आणि तेच डबे घेऊन परत जाई. रुवैदा त्याला बसायला सांगे, मेरमिय्याची सुवासिक पानं घातलेला चहा देई, आणि हळू आवाजात म्हणे, "बेगना सलाम सांगा. गाडी नाही." त्या एका वाक्याची चव तिला आठवडाभर पुरे. सत्तामला गाडी नको होती, शिशाचा तो तुकडा हवा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या उन्हाळ्यात त्यानं मिठाई पाठवली नाही. मुनीफचा थोरला भाऊ दियाब, नायफचा बाप म्हणून सगळ्यांचा अबू नायफ, सकाळीच जिना चढून आला. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, कुणी गेलं की काय.

"सोमवारी उन्हं कलताना, असरच्या नमाजानंतर, जाहा येतेय," तो म्हणाला. "पंधरा जण. हाजी मुतलक पुढं."

"कशाला?"

"शब्द टाकायला. गाडीसाठी."

शुरूक वह्या तपासत होती. तिनं मान वर केली. "मुलगी मागायला येतात तशी गाडी मागायला? माझ्यासाठी आले असते तर एवढी माणसं आणली नसती."

दियाबला हसू आलं नाही. जाहा म्हणजे गावातली पांढऱ्या दाढीची माणसं. पुढारी आपला कहव्याचा पेला पुढ्यात ठेवतो, पीत नाही. मग शब्द टाकतो. यजमान "प्या, तुमचं काम झालं" म्हणत नाही तोवर पंधरांतला एकही ओठ लावत नाही. आणि ज्या घरातून जाहा न पिता उठून जाते, त्या घराचं नाव पुढं तीन पिढ्या निघतं.

"मला पंधरा माणसांना नाही म्हणता येणार नाही, रुवैदा," दियाब म्हणाला. "मला कलिंगडवाल्याला नाही म्हणता येत नाही. घरात चार पडलीत."

"नाही म्हणू नका, अबू नायफ. काहीच म्हणू नका. फक्त 'प्या' म्हणू नका."

"तेवढंच तर माझ्या तोंडातून आपोआप निघतं."

"मी दियाब अम्मोच्या खुर्चीमागं उभी राहते," शुरूक म्हणाली. "निघायला लागलं की चिमटा."

तो गेल्यावर रुवैदानं आर्तीनला फोन लावला. आर्तीन अर्मेनी, अम्मानला स्वतःचं गॅरेज होतं त्याचं. हे काम तो तरुणपणी मुनीफच्या हाताखाली शिकला होता.

"सोमवारी हत्यारं घेऊन ये," ती म्हणाली. "इस्त्री केलेला सदरा घाल. माणसं असतील."

सगळं ऐकून, सगळे म्हणत तसं शुरूकची आई म्हणून हाक मारत, तो म्हणाला, "उम्म शुरूक, एकदा इंजिनाचं झाकण उचललं की मागं फिरता येत नाही. आत काय निघेल..."

"ते मलाही माहीत नाही."

"उस्तादनी मलाही कधी हात लावू दिला नाही," तो म्हणाला, आणि हे तो बोलला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

सोमवारी तिचा रोजा होता. कहवा तिनं स्वतः केला, बिनसाखरेचा, वेलदोडा सढळ हातानं घालून. वास घशाशी येत होता आणि थेंबही घ्यायचा नव्हता. अंगणात लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. समोरच गाळ्याचं दार, सताड उघडं. आत हिरवी गाडी, बॉनेट वर केलेलं, आणि बाजूला पांढऱ्या सदऱ्यातला आर्तीन, हात मागं बांधून.

माणसं आली, बसली. हाजी मुतलक काठी टेकत आले, डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं. त्यांच्या उजवीकडं सत्ताम बेग, बोटांत पिवळ्या मण्यांची तसबीह, अंगाला अत्तर. त्यानं आर्तीनकडं एकदा पाहिलं आणि मग तिकडं बघायचं टाळलं.

दियाबनं पेले भरले. हाजी मुतलकनी आपला पेला समोरच्या तिवईवर ठेवला. एकामागून एक पंधरा पेले खाली ठेवले गेले. हाजींनी अल्लाहचं नाव घेतलं, घराची तारीफ केली, जुनं झालं-गेलं विसरण्याबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले, "अबू नायफ, आम्ही दारात आलोय. ती गाडी सत्ताम बेगच्या हवाली करा. त्यांच्याकडं तिचा मान राहील. मोबदला तुम्ही म्हणाल तो."

दियाबचे ओठ उघडले. शुरूकचा हात खुर्चीमागं गेला आणि ओठ मिटले.  एक, दोन, तीन श्वास. कुणीतरी घसा खाकरला.

तेव्हा रुवैदा स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. तिचा आवाज असा, की तो ऐकायला माणसांना पुढं वाकावं लागतं. पंधरा जण पुढं वाकले.

"हाजी, तुम्ही आलात, घराचा मान वाढला. तुमच्या शब्दाआधी घराचा एक शब्द आहे. त्या इंजिनाला तुमच्या समितीचं शिसं आहे. एकतीस वर्षांत त्याला कुणाचा हात लागलेला नाही. आज ते कापू, इंजिन खोलू, मोजू. बेगनी शपथेवर सांगितलं तेवढं मोठं निघालं तर गाडी त्यांची. मोबदला नको. आणि माझा नवरा लबाड होता हे मी स्वतः बाजारात उभी राहून सांगेन."

"आणि तसं नाही निघालं तर?" हाजींनी विचारलं.

"तर काय करायचं ते तुम्हीच ठरवा. तेव्हाही तुम्हीच ठरवलं होतं."

सत्ताम हसला. हसू चांगलं होतं, सरावाचं. "उम्म शुरूक, इतकी वर्षं गाडी तुमच्याच घरात. आत काय काय बदललं असेल, कोण सांगणार?"

"शिसं सांगेल."

"म्हातारी माणसं उन्हात बसलीत, कहवा थंड होतोय, आणि आपण लोखंड खोलत बसायचं?"

"तुम्हाला घाई आहे का, बेग? मला नाही. मी एकतीस वर्षं बसलेय."

हाजी मुतलक उठले. दियाबनं हात दिला, तो त्यांनी झिडकारला. काठीनं चाचपत ते गाळ्यात गेले, इंजिनावर वाकले. आर्तीननं त्यांचा अंगठा तारेपर्यंत नेला. अंगठा शिशावर फिरला, परत फिरला, कडेच्या खाचेत अडला.

"सील दाबायचा माझाच चिमटा," ते हळूच म्हणाले. "त्याच्या जबड्याचा एक दात तुटला होता." मग सरळ होऊन म्हणाले, "खोल."

"हाजी," सत्ताम म्हणाला.

"तू बस."

तार तुटल्याचा आवाज अगदी लहान होता. आर्तीननं शिशाचा तुकडा रुवैदाच्या तळहातावर ठेवला आणि कामाला लागला. आधी पाणी काढलं, मग नळ्या, मग नट. घाई नव्हती त्याला. प्रत्येक नट पुसून तो कापडावर ओळीनं मांडत होता.

एक तास गेला. पंधरा माणसं खुर्च्यांवर, पुढ्यात पंधरा पेले. पिता येत नाही, उठता येत नाही. कहव्यावर तवंग धरला. एका पेल्यात लिंबाचं पान पडलं, ते कुणी काढलंही नाही. कुणी उपरण्यानं मान पुसली, कुणी उगाच नातवाच्या परीक्षेचं काढलं, ते दोन वाक्यांत विझलं. सत्तामच्या तसबीहचे मणी आधी भराभर पळत होते, मग अडखळायला लागले. रुवैदा भिंतीला टेकून उभी होती आणि एकेका पेल्याकडं बघत होती. असं बघायला मिळावं म्हणून तिनं किती सजदे केले होते, ते अल्लाहलाच ठाऊक. तिला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

पण नट कमी होत गेले तसा तिच्या पोटातला खोका वर येऊ लागला. बैरूतचा तो खोका, भुशात गुंडाळलेले चकचकीत पिस्टन. गिऱ्हाइकाचे, मुनीफ म्हणाला होता. कुठल्या गिऱ्हाइकाचे? तिनं मुठीतलं शिसं दाबलं. तिची दुआ नवरा खरा निघावा अशी नव्हती. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं. समोरचा आधी मोडू दे, एवढंच ती मागत होती.

शेवटचा नट कापडावर पडला. आर्तीननं दोन्ही हात झाकणाखाली घातले.

"राहू दे," सत्ताम म्हणाला.

आर्तीन थांबला.

"का राहू दे?" हाजींनी विचारलं.

"मी... पाहिलं नव्हतं."

"मोठ्यानं बोल. माझे डोळे गेलेत, कान अजून आहेत."

"मी पिस्टन पाहिले नव्हते." मणी पूर्ण थांबले होते. "कुणीतरी सांगितलं होतं."

"कुणी?"

सत्तामनं तसबीह मुठीत घेतली. "कुणीच नाही. चार सेकंद, हाजी. चार सेकंदांनी हरलो होतो, आणि बाप वर झेंड्यापाशी उभा होता. गावभर सांगून आला होता, माझा मुलगा जिंकणार म्हणून."

 हाजी मुतलकनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग जड आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलं. पुरे. बाबा आर्तीन, झाकण बसव परत."

"नाही, हाजी," रुवैदा म्हणाली.

आवाज तोच, हळू. शुरूकनं चमकून आईकडं पाहिलं. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. चार माणसांत, स्वतःच्या तोंडानं. आता झाकण बंद राहिलं असतं तर खोकाही कायमचा बंद राहिला असता. रुवैदाला हे कळत होतं. 

"त्या दिवशी तुम्ही एका माणसाच्या तोंडावर थांबलात," ती म्हणाली. "आजही त्याच माणसाच्या तोंडावर थांबता. माझा नवरा काय म्हणाला होता तुम्हाला? मोजायला माप आहे. मोजा."

हाजी मुतलकची मान खाली गेली. त्यांनी काठीनं जमिनीवर एकदाच ठोकलं.

आर्तीननं झाकण उचललं. आत चार काळी भोकं, तेलानं चकाकणारी. त्यानं पहिलं पुसलं, मोजपट्टीचा जबडा आत घातला, उजेडाकडं धरला. डोळे बारीक करून बघितलं. परत बघितलं. रुवैदाला वाटलं, या माणसाला वाचता येत नाही की काय.

"सत्तर पूर्णांक सहा," तो म्हणाला.

"त्याचा अर्थ सांग," हाजी म्हणाले.

"कारखान्यातून निघालं तसंच, हाजी. केसभरही मोठं केलेलं नाही."

दुसरं, तिसरं, चौथं. सत्तर पूर्णांक सहा. मग पिस्टनची चाल मोजली. शुरूकनं तिथंच वहीच्या पाठीवर गुणाकार केला. "बाराशे त्र्याहत्तर," ती म्हणाली, आणि आकड्याखाली रेघ ओढली. तेराशेची मर्यादा. सत्तावीस कमीच.

"परत सांग," हाजी म्हणाले. आर्तीननं परत सांगितलं. "सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग." त्यानं तसंही सांगितलं.

रुवैदा धुण्याच्या दगडावर बसली. मुनीफ, तिनं मनात म्हटलं, तो खोका मी तुझ्या डोक्यावर ठेवला होता. माफ कर. तुझ्या समोर कधी विचारलं नाही, हेच माझं चुकलं.

"आमचा शब्द आम्ही मागं घेतला," हाजी मुतलक दियाबला म्हणाले. "या घराकडून आम्हाला काही मागायचं नाही. आता आम्हाला न पिता जायला सांगितलंत तरी आम्ही जाऊ."

"या घरातून कुणी न पिता जात नाही," रुवैदा म्हणाली आणि उठली.

तिनं थंड पेले एकेक करून लिंबाच्या मुळाशी रिकामे केले. चौदा. स्वयंपाकघरातून ताजा कहवा आणला आणि उजव्या बाजूनं स्वतः वाढायला सुरुवात केली. आधी हाजी. मग सत्तामला ओलांडून त्याच्या शेजारचा. मग पुढचा. सत्तामनं हात थोडा पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"तुमचा आहे की पुढ्यात, बेग," ती मऊपणानं म्हणाली.

चौदा माणसं प्यायली. पंधराव्याच्या पेल्यात लिंबाचं पान तरंगत होतं. तो उठला तेव्हा त्याच्याबरोबर कुणी उठलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याची लांब काळी गाडी उभी होती, येताना तिच्यात चार म्हातारे दाटीवाटीनं बसून आले होते. जाताना ते चौघे उतारावरून पायी गेले.

हाजी मुतलक सगळ्यांत शेवटी उंबऱ्यापाशी थांबले. "उम्म शुरूक, माझं काय?"

"तुम्हाला एक काम आहे, हाजी. बाजारात कुणी 'मुनीफचं माप' म्हणालं की त्याला आकडा सांगायचा."

"मी म्हातारा, घरात बसून असतो."

"मशिदीत तर रोज जाता."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी अंजिरवाल्याच्या दुकानासमोर ते काठी टेकून उभे होते म्हणे, आणि आकडा सांगितल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ देत नव्हते.

मगरिबची अजान झाली. तिनं खजूर खाऊन रोजा सोडला, पाणी प्यायली. सत्तामचा पेला दियाबनं उचलायला घेतला तर म्हणाली, राहू दे, सकाळी उचलू. झोपण्याआधी नावं घेताना त्या खड्ड्यापाशी आली आणि थांबली. नाव ओठांपर्यंत आलं. 

"अजून," ती अल्लाहला म्हणाली, आणि दिवा मालवला.

बुधवारी आर्तीननं नवं पॅकिंग घालून इंजिन बंद केलं. गुरुवारी शुरूक गाळ्याच्या दारात येऊन उभी राहिली. शुक्रवारचा प्रश्न तिला एक दिवस आधीच सुचला होता.

"आता किती दिवस, यम्मा?"

"वरपर्यंत," रुवैदा म्हणाली. ती पुढची काच पुसत होती. "मग आर्तीनच्या मुलीला देऊन टाकायची. शर्यतीत चालवते म्हणे ती."

"फुकट?"

"एका अटीवर. दरवर्षी लौजच्या घाटात हीच गाडी उतरवायची. बक्षीस द्यायला कोण उभा असतो वर?"

शुरूकनं क्षणभर विचार केला आणि तिला हसू आवरेना. "सत्ताम बेग."

"उभा राहू दे," रुवैदा म्हणाली. "दरवर्षी बघू दे."

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाल्यावर तिनं मुसल्ल्याची घडी केली, डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि वहाणा हातात घेऊन जिना उतरली. शुरूक झोपली होती. शिशाचा तुकडा तिनं मुनीफच्या जुन्या हातमोज्यात घातला आणि हातमोजा शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला. चादर काढली, घडी केली. किल्ली फिरवली.

पहिलं मिनिट ती पाय नुसता टेकवून बसली. मग तसबीह गळ्यात अडकवली, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि गल्लीच्या उतारावरून, कुणाची झोप मोडणार नाही इतक्या सावकाश, गाडी घाटाच्या रस्त्याकडं वळवली.